रस्त्याचा क्रमांक

मित्राने नवी गाडी घेतली आणि आम्ही फ्रान्सला निघालो. सोबतीला वाचनातली इडिथ व्हॉर्टन होतीच. १९०७ साली ती हेन्री जेम्ससह याच देशात मोटारीने हिंडली. मोटार ही वस्तूच तेव्हा नवी होती. रेल्वेच्या वेळापत्रकातून सुटल्याचा आनंद तिच्या १९०८ च्या ‘अ मोटर-फ्लाइट थ्रू फ्रान्स’मध्ये पानोपानी जाणवतो.

बार-ल-द्युकहून वेर्दाँकडे वळलो तेव्हा मित्र गाडीचे गुण सांगण्यात रंगला होता. समोरच्या पडद्यावर रस्त्याचा क्रमांक उमटला : डी १९१६.

“हे तर साल झालं,” तो म्हणाला.

सालच होते ते. १९१६ मध्ये वेर्दाँच्या लढाईला माणसे आणि दारूगोळा पुरवला तो याच रस्त्याने, मोटारट्रकांच्या अखंड रांगांतून. आज कडेच्या किलोमीटरच्या दगडांवर सैनिकाचे शिरस्त्राण आहे. ते एकामागून एक मागे पडू लागले, तसे मित्राचे बोलणे थांबले.

व्हॉर्टनही १९१५ मध्ये मोटारीनेच वेर्दाँला गेली होती. या खेपेस इस्पितळांना काय हवे ते पाहायला. मुक्तीचे म्हणून आलेले यंत्र आठ वर्षांत युद्धाचे वाहन झाले होते.

प्रवासवर्णन शिकवताना आपण लेखकाची दृष्टी आणि शैली तपासतो. ज्या वाहनाने ती दृष्टी दिली, त्याने पुढे कोणाला कुठे नेले, हा प्रश्नही वर्गात यायला हवा, असे मला वाटते. त्याचे उत्तर पुस्तकाबाहेर, रस्त्यावर सापडते.