फरशी चकाकली, पण ओल कुणी पाहिली?

वाचकहो, आमच्या कसबा बावड्यात पावसाळ्यात माणसं एकमेकांची खुशाली विचारण्याआधी "पाणी किती फुटांवर?" असं विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्याही वर. अशा नदीकाठी जन्म गेलेल्या माणसाला ओल म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागू नये. पण मला शिकावं लागलं, आणि तेही पैसे गेल्यावर.

घराशेजारी आमची ट्रॅक्टरची शेड आहे. निम्म्या जागेत ट्रॅक्टर, निम्म्या जागेत खताची पोती, औषधाचा पंप, अवजारं. खाली जुना सिमेंटचा कोबा. २०२१ च्या पुरानं त्याला भेगा पडल्या, त्या आम्ही बुजवल्या. तरी डिझेल-ऑईलचे डाग मुरलेले आणि झाडू मारला की सिमेंटची धूळ उठायची.

मुलगा शिरोलीला एका कारखान्यात कामाला आहे. तिथली जमीन त्यानं पाहिलेली. आरशासारखी गुळगुळीत, तेल सांडलं तरी फडक्यानं पुसून निघतं. तो म्हणाला, "आबा, त्याला इपॉक्सी म्हणतात. आपल्या शेडला करूया. पैसे मी घालतो." पहिल्या बोनसचे पैसे होते ते.

इपॉक्सी हे काही अगदी परकं प्रकरण नाही. फुटलेली कपबशी चिकटवायला आपण अरल्डाईटच्या दोन नळ्यांतला माल एकत्र कालवतो, गळक्या नळाला एम-सीलचे दोन गोळे मळून लावतो. तीच ही जात. एका डब्यात राळेसारखा घट्ट माल, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र आले की आपोआप कडक होतात. जमिनीवर पसरलं की पातळ पण चिवट कातडं तयार होतं. त्यातून ना तेल खाली जातं, ना पाणी वर येतं. हे शेवटचं वाक्य ध्यानात ठेवा, सगळी गोष्ट तिथंच आहे.

२०२२ सालचा दसरा जवळ आला होता. खंडेनवमीला ट्रॅक्टरची पूजा, आणि त्याच दिवशी थोरल्या लेकीच्या सासरचे पाहुणे येणार होते. नव्या फरशीवर ट्रॅक्टर उभा दिसावा अशी मला हौस. मुलगा म्हणाला, "आबा, कारखान्यात आधी जमीन घासतात, ओल तपासतात. उन्हाळ्यात करूया का?" मी म्हणालो, "आरं, वरनं वाळलंय की! किती दिवस लावशील?"

घरातून मंडळीही म्हणाली, "अहो, खताच्या पोत्यांखाली फळ्या कशाला घातल्यात तुम्ही?" मी हसण्यावारी नेलं. त्या फळ्या मीच घातलेल्या. पोतं नुसतं कोब्यावर ठेवलं, की पावसाळ्यात त्याचं बूड ओलं व्हायचं, म्हणून.

डाग धुतले, दोन दिवस वाळवलं आणि रंग लावला. सगळा माल एकदम कालवला, तर बादली हाताला चटका बसेल इतकी तापली आणि निम्मा माल बादलीतच आळला. उरलेला कसाबसा पसरला. दसऱ्याला फरशी चकाकत होती. पाहुण्यांनी वाहवा केली, मी मिशीला पीळ दिला.

तुळशीच्या लग्नापर्यंत फरशीवर फोड आले. भाजल्यावर हाताला येतात तसे. बोट दाबलं की खाली पाणी. उसाच्या खेपा करून गरम चाकांनी ट्रॅक्टर आत आला, की चाकाखालचा पापुद्रा चाकालाच चिकटून यायचा. पारावर कुणी विचारलं तर मी सांगायचो, "पोराचा नाद, दुसरं काय." एकदा ते त्यानं मागं उभं राहून ऐकलं. त्या दिवसापासून शेतातल्या, घरातल्या कुठल्याच कामात तो "असं करूया का" म्हणेना. जेवायचा आणि कामावर जायचा. मंडळी, फरशी उखडल्यापेक्षा ते वाईट होतं.

शेवटी एका संध्याकाळी मीच शेडमध्ये जाऊन फळ्या उचलल्या. खालचा कोबा काळपट ओला. त्याला हाक मारली आणि म्हणालो, "घाई माझी होती. नाव तुझं घेतलं. चुकलं माझं." तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या जाणत्या माणसाला विचारून आला.

कारण असं, की नदीकाठची काळी माती पाणी धरून ठेवते. समईच्या वातीतून तेल चढावं तसं ते सिमेंटच्या बारीक छिद्रांतून वर चढतं. उघड्या कोब्यावर ते उडून जातं, आपल्याला दिसत नाही. वर इपॉक्सीचं कातडं घातलं की त्याला वाट उरत नाही, मग ते कातडंच उचलतं. शिवाय आमचा कोबा घोटून गुळगुळीत केलेला, त्याला पकड नव्हती.

२०२३ च्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरची निम्मी जागा फोडली. खाली खडी, वर वाळू, त्यावर जाड प्लास्टिकचा अखंड कागद आणि मग काँक्रीट. पाणी मारून ते पिकवलं. काँक्रीटला निदान २८ दिवस द्यावेतच, आम्ही अख्खा पावसाळा दिला. श्रावणात दोन फुटी प्लास्टिकचा चौकोन जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनं बंद केल्या आणि एक दिवस, एक रात्र तसाच ठेवला. उचलला तर खाली कोरडं. तोच चौकोन जुन्या कोब्यावर लावला, तर खाली थेंब!

२०२४ च्या फेब्रुवारीत नव्या भागावर मशीननं घासून जमीन खरखरीत केली, धूळ काढली, आधी प्रायमर आणि मग दोन हात. माल थोडा थोडा कालवला. काम उतरत्या उन्हात केलं, कारण तापत्या जमिनीतून हवा वर येऊन बुडबुडे धरतात. दारं उघडी ठेवली, हातांत मोजे घातले. हार्डनर कातडीला बाधतो. पाय घसरू नये म्हणून शेवटच्या हातात बारीक वाळू भुरभुरली. आठ दिवस ट्रॅक्टर बाहेर ठेवला. पुढचा पावसाळा सरला, तरी फोड नाही. खताची बाजू मात्र कोब्याचीच ठेवली, फळ्यांसकट.

तुम्ही कुणी करणार असाल, तर उन्हाळ्यातल्या कोरडेपणावर जाऊ नका. ओल पावसाळ्यात तपासा. प्लास्टिकखाली थेंब दिसला, तर पैसे खिशातच ठेवा, कोबा बरा. आणि गोठ्यात हे अजिबात नको, जनावराचा खूर घसरतो.

परवा मुलगा म्हणाला, "आबा, पंपाच्या खोलीला पत्रा बदलूया का?" मी म्हणालो, "बदलू की. कधी करायचं ते तू सांग."