बीसीएम बदलण्याआधी

काच अर्ध्यावर अडते, वायपर वाटेल तेव्हा फिरतो, सेंट्रल लॉक रात्री आपोआप उघडतं. एकमेकांशी नातं नसलेली अशी दुखणी एकाच गाडीत जमली, की बोट थेट बॉडी कंट्रोल मॉड्यूलकडे, म्हणजे बीसीएमकडे जातं. ही सगळी कामं बीसीएम सांभाळतं, म्हणजे तेच गेलं असणार, असा हिशेब. तो अर्धाच आहे. या कामांना बीसीएम जसं सामाईक आहे, तसा त्याचा फ्यूजही सामाईक आहे आणि अर्थिंगही. म्हणून माझं ठाम मत आहे, की बीसीएमवर ठपका सगळ्यात शेवटी ठेवावा. भाग महाग असतो हे कारण आहेच. पण त्याहून मोठं कारण असं, की नवं मॉड्यूल बसवून प्रोग्रॅम केलं की मूळ दोषाचा पुरावाच नाहीसा होतो.

अर्थिंगचंच घ्या. डॅशबोर्डखाली पायाजवळच्या पत्र्यावर एक बोल्ट असतो, त्याखाली दोन-तीन वायरींच्या रिंगा दाबलेल्या. तिथे गंज चढला की करंट परतीची दुसरी वाट धरतो आणि ती एखाद्या बल्बमधून जाते. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो तो अशानेच. मल्टीमीटरचा बीप इथे फसवतो, कारण वायरीतली तांब्याची एकच तार शाबूत असली तरी तो वाजतो. हेडलाइट, वायपर, पंखा असा सगळा लोड चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह आणि बीसीएमची अर्थची पिन यांच्यामध्ये किती व्होल्ट पडतात ते मोजावं लागतं. ०.१ च्या आसपास असेल तर चिंता नाही. अर्धा व्होल्ट दिसला तर आधी तो बोल्ट खोलायचा. मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या कॅनच्या वायरींनाही अशीच साधी परीक्षा आहे. बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या या पद्धतीत पिळलेल्या दोन वायरींच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर असतो. बॅटरी सोडवून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांवर, ज्या गाड्यांत कॅन तिथे आणलेलं असतं त्यांत, ६० ओहमच्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय, आणि पार्किंगमध्ये उंदरांचा वावर असेल तर कुठे शोधायचं हे वेगळं सांगायला नको. स्कॅनरवर ‘बीसीएमशी संपर्क नाही’ एवढंच येतं. मॉड्यूल उत्तर देत नाही इतकाच त्याचा अर्थ. का देत नाही, ते स्कॅनर सांगत नाही.

‘पण बदललं आणि गाडी नीट झाली, आणखी काय पुरावा हवा?’ असं विचारलं जातं. हा प्रश्न मी हलका मानत नाही, पण त्याचं उत्तर कपलरमध्ये आहे. जुनं मॉड्यूल काढताना कपलर ओढला जातो, नवं बसवताना पुन्हा दाबला जातो. या घासण्याने पिनेवरचा हिरवट थर खरवडतो आणि काही आठवडे सगळं सुरळीत चालतं. बॅटरी सोडवल्याने अडकलेलं मॉड्यूलही नव्याने सुरू होतं. म्हणजे दुरुस्ती झाली हे खरं, पण कशाने झाली ते कळलं नाही. खरी खात्री जुनंच मॉड्यूल परत लावून, दोष परत येतो का ते पाहिल्यावरच पटते. हे करायचं तर प्रोग्रॅमिंगच्या आधीच, कारण इमोबिलायझर नव्या मॉड्यूलशी जोडला गेला, की पुष्कळ गाड्या जुन्याला ओळखत नाहीत.

प्रोग्रॅमिंगला पुष्कळजण शेवटची बटणं दाबण्याचं काम समजतात. नवं मॉड्यूल कोरं येतं. गाडीला फॉग लॅम्प आहेत का, पावसाचा सेन्सर आहे का, चेसी नंबर कोणता, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. म्हणून जुनं बोलत असेल तोवर त्याचं कोडिंग वाचून ठेवणं ही कामाची पहिली पायरी. मालकाला सगळ्या चाव्या आणायला सांगावं. चाव्या नव्याने शिकवताना समोर नसलेली चावी अनेक प्रणालींत बाद होते. फ्लॅशिंग चालू असताना बॅटरीला स्थिर सप्लाय जोडलेला हवा. मध्येच व्होल्टेज कोसळलं तर नवंकोरं मॉड्यूल टेबलावरच निकामी होऊ शकतं. भंगारातून आणलेलं मॉड्यूल स्वस्त पडतं, पण ते दुसऱ्या गाडीच्या चेसी नंबरला बांधलेलं असू शकतं.

दुसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो खरा आहे. भागाचं बिल लावता येतं. दोन तास वायर तपासल्याचं बिल गिऱ्हाइकाला पटत नाही. यावर उपाय एकच: तपासणीची मजुरी कामाआधी वेगळी सांगायची आणि मोजलेले आकडे कागदावर लिहून द्यायचे. आकडा समोर असला की मजुरी कशाची आहे ते दिसतं.

बीसीएम खरोखरही जातं. सप्लाय आणि अर्थ लोडवर तपासून पक्के निघाले, स्कॅनरच्या लाइव्ह डेटात स्विचचा हुकूम पोचलेला दिसतोय, वायरीत शॉर्ट नाही आणि तरी त्या पिनेवर करंट निघत नाही. किंवा बोर्डावरच्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटून वायपर थांबतच नाही. मग बेलाशक बदलावं. मात्र बोर्डावर पाण्याचा डाग असेल, तर आधी पुढच्या काचेखालच्या जाळीतला पालापाचोळा काढून, वरून पाणी ओतून, ते केबिनमध्ये कुठून झिरपतंय ते शोधावं. ती वाट बंद होईपर्यंत नवं मॉड्यूल खोक्यातच राहू द्यावं.