पुरानी बस्तीतला पोरा

नागपूरहून रायपूर जेमतेम 300 किलोमीटर. पण आत्याच्या घरी जायला मला बारा वर्षे लागली. तीही ओढ म्हणून नव्हे! महालातले आमचे जुने घर विकायचे ठरले होते आणि हक्कसोडपत्रावर तिची सही हवी होती. पिशवीत कागद घेऊन मी पुरानी बस्तीत पोहोचलो, तो दिवस नेमका पोळ्याचा होता.

महामाया मंदिराच्या बाजूच्या गल्ल्यांतून मुले चाके लावलेले मातीचे बैल ओढत होती. मुलींपुढे मातीची इवलीशी चूलभांडी आणि जाते. ‘‘आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला लाकडाचे बैल असतात, नाही?’’ मी आत्याला म्हटले.

‘‘इथे याला पोरा म्हणतात,’’ ती हसली. ‘ळ’चा ‘र’ झाला, एवढेच!

संध्याकाळी आतोबांनी दूधाधारी मठ दाखवला. इथले महंत बलभद्रदास केवळ दुधावर राहत, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. भिंतींवर भोसलेकालीन चित्रे आहेत. नागपूरकर भोसल्यांचे सैन्य भास्करपंतांबरोबर 1741 मध्ये या प्रांतात शिरले. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहू लागले. 1854 मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले, पण मराठी घरे इथेच राहिली. जवळच्या लाखेनगरला सहकारी चळवळीतल्या वामनराव लाख्यांचे नाव आहे. बूढा तालाबाजवळची शाळा माधवराव सप्र्यांच्या नावाची. टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले ते हेच सप्रे.

घरी परतलो तर शेजारच्या बाई ठेठरी-खुरमीचे ताट घेऊन आल्या होत्या. मी उद्याच परतणार म्हटल्यावर त्यांनी विचारले, ‘‘काबर?’’ मला वाटले, बाई मराठीच बोलताहेत! छत्तीसगढीत ‘का’साठी हाच शब्द आहे.

मग आत्याकडे वळून त्या आनंदाने म्हणाल्या, ‘‘म्हणजे भाचा तीजेला न्यायला आलाय तर!’’

मला काही उमगेना. आत्या खाली मान घालून ताटातली खुरमी डब्यात भरत राहिली. शेवटी आतोबांनी सांगितले. आपली हरतालिका ती इथली तीजा. पोऱ्याच्या सुमारास भाऊ किंवा वडील बहिणी-लेकींना न्यायला येतात. म्हाताऱ्या बायकासुद्धा माहेरची वाट बघतात. आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खायचा, तो ‘करू भात’, म्हणजे आपला कडू भात, आणि मग निर्जळी उपास. या गल्लीतल्या बायका माहेरी जात तेव्हा आत्या दारात उभी राहून त्यांना निरोप देत असे. माझे वडील गेल्यापासून तिला न्यायला कोणी आलेच नव्हते.

कागदांचा विषय काढायला माझी जीभ रेटेना. रात्री तीच म्हणाली, ‘‘घर विकताय ना? वहिनीने फोनवर सांगितलंय. सही करीन रे. पण आधी एकदा ते घर बघू दे.’’

सकाळी मी नागपूरची दोन तिकिटे काढली. स्टेशनकडे निघताना आत्याने रिक्षा टुरी हटरीत थांबवली. टुरी म्हणजे मुलगी, हटरी म्हणजे छोटा बाजार. भाजीवालीशी घासाघीस करून तिने अर्धा किलो कारली घेतली.

‘‘आत्या, नागपूरला कारली मिळतात की!’’

‘‘मिळू देत,’’ ती म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.