मोटारीच्या पिढ्या आणि भरवसा

जुने ते सोने, ही एक म्हण. नव्याचे नऊ दिवस, ही दुसरी. दोन्ही जुन्याचीच बाजू घेतात. नव्याचा कैवार घेणारी म्हण आपल्या भाषेत शोधावी लागते. म्हणूनच की काय, घरातील एखादी वस्तू ठेवावी की काढावी असा वाद निघाला, म्हणजे वडीलधाऱ्यांच्या तोंडी म्हणी असतात आणि तरुणांच्या तोंडी हिशेब. २०२४ साली आमच्या काचीगुड्याच्या घरात असाच वाद काही महिने चालला होता. निमित्त होते मोटारीचे.

घर जुने, अंगण प्रशस्त. ते बांधकामासाठी द्यावयाचे ठरले आणि नव्या सदनिकेबरोबर मोटारीसाठी एकच जागा मिळेल असे करारात आले. अंगणात मात्र दोन मोटारी उभ्या होत्या. दोन्ही मारुती ८००. एक १९९२ ची, दुसरी २००४ ची. त्यांच्याही आधी, १९८५ पासून सात वर्षे, आमच्या वडिलांची, म्हणजे घरातल्या सर्वांच्या दादांची, पहिली मारुती दारात होती. अशा रीतीने एकाच मोटारीच्या तीन पिढ्यांशी आमचे घर जोडले गेले. त्यांतील कोणती पिढी अधिक भरवशाची, हा विषय एरवी जेवणानंतरच्या गप्पांचा. परंतु २०२२ पासून आईचे डायलिसिस सुरू झाले होते. आठवड्यातून तीन दिवस पहाटे साडेपाचला तिला घेऊन निघावे लागे. तेव्हा हा प्रश्न गप्पांचा राहिला नाही.

मोटारीची पिढी कशी मोजावी, येथूनच मतभेद सुरू होतात. सामान्यतः लोक ती चेहऱ्यावरून मोजतात. दिवे बदलले, पुढची जाळी बदलली, की नवी पिढी आली असे समजतात. मारुतीच्या बाबतीत हा हिशेब फसवा आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या गाडीची किल्ली तिच्या मालकाला दिली गेली. ती पहिल्या रूपाची गाडी. १९८६ साली तिचे अंग पार बदलले. गाडी अधिक गोलसर आणि आतून ऐसपैस झाली. इंजिन मात्र तेच राहिले, तीन सिलिंडरांचे, ७९६ घनसेंटिमीटरचे. पुढे १९९७ च्या सुमारास चेहरा पुन्हा बदलला. अंतःकरण तरीही जुनेच. आणि २००० साली, चेहरा जवळजवळ तसाच असता, आतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट बदलली. कार्ब्युरेटर गेला आणि त्याच्या जागी संगणकाच्या आज्ञेने पेट्रोलचे फवारे सोडणारी एमपीएफआय पद्धती आली. म्हणजे चेहऱ्याने मोजल्यास पिढ्या वेगळ्या पडतात आणि अंतःकरणाने मोजल्यास वेगळ्या. भरवशाचा विचार करणाऱ्याने अंतःकरणाकडे पाहावे, हे आमचे मत.

पहिल्या पिढीविषयी घरात अजूनही भक्तिभाव आहे. १९८३ साली दहा हजार रुपये अनामत भरून दादांनी नाव नोंदवले आणि १९८५ साली गाडी दारात आली. तोवर मोटार म्हणजे फियाट किंवा अँबॅसडर, आणि त्यांची मर्जी सांभाळणे हा मालकाच्या दिनचर्येचा भाग. ही चिमुकली गाडी पहिल्याच किल्लीला सुरू होई, याचे सुलतानबाजारातल्या आमच्या आप्तांना विलक्षण कौतुक वाटे. त्या आरंभीच्या गाड्यांचे बहुतेक भाग जपानहून येत आणि येथे जुळवले जात. त्यामुळे त्यांची घडण उत्तम होती. परंतु त्या काळी भाग परदेशी आणि कारागिरांचा हात अँबॅसडरवर बसलेला, ही अडचण कोणत्याही नव्या यंत्राला चुकत नाही. गाडी क्वचितच बिघडे. पण बिघडली तर ती उघडण्यास धजणारा मिस्त्री शहरात मोजकाच. पहिली पिढी गुणवान असते, पण तिचे गोत्र अजून वाढलेले नसते. संकटात धावून येणारे चार नातलग तिला नसतात.

१९९२ च्या गाडीच्या वेळेपर्यंत हे गोत्र भरभराटीला आले होते. बहुतेक भाग देशातच बनू लागले होते. सिकंदराबादच्या राणीगंजात मारुतीचा कोणताही खिळा-पट्टा मिळे आणि गल्लोगल्ली तिचे मिस्त्री तयार झाले होते. शिवाय १९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनमध्ये, म्हणजे पुढच्या ओम्नीत, हेच इंजिन होते. ओम्नी २०१९ पर्यंत बनत राहिली. ज्या यंत्राला असे दीर्घायुषी भावंड असते, त्याच्या सुट्या भागांची ददात म्हातारपणीही पडत नाही. जुनी मोटार घेणाऱ्याने ही गोष्ट अवश्य पाहावी.

या गाडीची परीक्षा ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने घेतली. अनंत चतुर्दशीची रात्र संपत होती. पहाटे चारला चार मिनिटे कमी असता किल्लारी-सास्तूरची भूमी हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे झोपेतच गेली. हैदराबादेतही भांडी वाजली. मराठवाडा आपल्याला परका नव्हे. १९५६ पर्यंत तो याच हैदराबाद राज्याचा भाग होता आणि येथल्या असंख्य मराठी घरांची मुळे त्या मातीत आहेत. आमची आत्या उमरग्यापलीकडच्या एका खेड्यात राहात असे. तारा-टेलिफोन बंद. दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याचे डबे, घोंगड्या आणि औषधे भरून आम्ही निघालो. सदाशिवपेठ, झहीराबाद मागे पडले आणि पावसाने गाठले. हुमनाबादच्या अलीकडे रस्त्यावर गुडघाभर पाणी. त्यातून जाताना इंजिन अडखळले आणि बंद पडले. दोष गाडीचा नव्हता. तेवढ्या पाण्यात पुष्कळ मोटारी बंद पडल्या असत्या. एका टपरीवजा दुकानातला पोरगेलासा मिस्त्री धावत आला. त्याने डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, स्वतःच्या सदऱ्याच्या कोरड्या टोकाने आतून पुसली, कार्ब्युरेटरचे जेट तोंडाने फुंकले आणि वीस मिनिटांत गाडी सुरू करून दिली. कानडी, दखनी आणि मराठी यांच्या मिसळीत तो बोलत होता. आम्ही कोठे निघालो हे कळल्यावर त्याने पैशाला हात लावला नाही.

आत्या ढिगाऱ्यातून निघाली होती. मांडीचे हाड मोडले होते. पुढची बैठक मागे पाडून तिला आडवे निजवले आणि त्याच रात्री हैदराबादला आणले. त्यानंतर ती पंधरा वर्षे जगली. ज्या गाडीचे दुखणे रस्त्यावरच्या पोरालाही सदऱ्याच्या टोकाने बरे करता येते, ती गाडी भरवशाची नव्हे असे आमच्यासमोर कोणी म्हटले, की आम्हांस आत्या आठवते.

परंतु आठवण म्हणजे पुरावा नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. पुतण्याने आमच्या जुन्या वह्या काढल्या. दादांची शिस्त अशी, की प्रत्येक दुरुस्ती तारखेसह लिहिली जाई. त्या वह्यांतून जे दिसले ते आमच्या भक्तिभावाला मानवणारे नव्हते. १९९२ ची गाडी वर्षातून चार-पाच वेळा काहीतरी मागे. कधी कार्ब्युरेटर साफ करा, कधी चोकची तार बदला, कधी स्पार्कची वेळ जुळवा. हे खर्च लहान, पण नित्याचे. डिसेंबरातील थंड पहाटे चोक ओढून दोन-चार मिनिटे तिची मनधरणी करावी लागे. उलट २००४ च्या गाडीच्या पानांवर तेलपालट, ब्रेक, बॅटरी, टायर याखेरीज फारसे काही नव्हते. किल्ली फिरवा, निघा. कार्ब्युरेटर नाही, त्यामुळे तो साफ करण्याचा प्रश्न नाही. हवा थंड की उष्ण, हे संगणक पाहतो आणि पेट्रोलचे प्रमाण स्वतःच ठरवतो.

मात्र तिचे दुखणे आले, ते मोठे आले. १३ आणि १४ ऑक्टोबर २०२० च्या त्या भयंकर पावसात ती गाडी धाकट्या भावाकडे नल्लाकुंट्याच्या उतारावर उभी होती. पाणी बैठकीपर्यंत चढले. संगणकाची पेटी भिजून निकामी झाली. तिला सदऱ्याचे टोक चालत नाही. पेटी बदलावी लागली, आणि गाडी तीन आठवडे अंगणाबाहेर राहिली. त्या तीन आठवड्यांत घराची सर्व कामे अठ्ठावीस वर्षांच्या थोरलीने निमूटपणे केली.

येथे आम्हांस भरवशाचे दोन अर्थ दिसू लागले. क्वचित बिघडते, तोही भरवसा. आणि बिघडली तरी घरी पोहोचवते, तोही भरवसा. पहिला यंत्राच्या अंगचा गुण आहे, दुसरा यंत्र आणि माणूस यांच्या नात्याचा. आडरस्त्यावर, अवेळी, ओळखीचे कोणी नसताना, दुसऱ्याची किंमत अधिक. नेमाच्या वेळी, नेमाच्या वाटेवर, आजारी माणसाला घेऊन जाताना पहिल्याची. कोणती पिढी अधिक भरवशाची, असे विचारणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे, की आपण जाणार कोठे आहोत.

वह्यांतून आणि मिस्त्र्यांच्या बोलण्यातून आणखी दोन-तीन गोष्टी मनात ठसल्या. त्या केवळ मारुतीपुरत्या नाहीत. कोणत्याही नव्या पिढीचे पहिले वर्ष शक्यतो टाळावे; उणिवा मालकांच्या अनुभवातून कळतात आणि दोन-तीन वर्षांत कारखान्यातच दुरुस्त होतात. आमची २००४ ची गाडी, २००० च्या बदलानंतर चार वर्षांनी घडलेली, हा त्याचा दाखला. दुसरी गोष्ट, तेच इंजिन आणखी कोणत्या गाड्यांत आहे हे पाहावे. तिसरी, हवामान. किनाऱ्यावरच्या जुन्या मोटारीचा तळ गंजून जातो; आपल्या दख्खनच्या कोरड्या हवेत तोच पत्रा कितीतरी अधिक टिकतो. तरीही घेताना पायाखालचा गालिचा उचलून पाहावा. रंग बाहेरून देता येतो, गंज आतून दिसतो.

कायद्याचाही विचार करावा लागतो. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची; त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. धूरनियमांनी तर या मोटारीचे आयुष्यच संपवले. एप्रिल २०१० मध्ये तेरा शहरांत कडक नियम लागू झाले. त्यांत हैदराबाद होते, पुणे होते आणि सोलापूरही होते. त्या शहरांतून नव्या मारुती ८०० ची विक्री थांबली. १८ जानेवारी २०१४ रोजी तिचे उत्पादन बंद झाले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसडरही थांबली. त्यानंतर दोनच आठवड्यांत तेलंगण राज्य जन्मास आले. आमच्या दोन्ही गाड्यांच्या पाट्यांवर मात्र आंध्र प्रदेशाचीच अक्षरे राहिली. दादा हैदराबाद राज्यात जन्मले, आम्ही आंध्र प्रदेशात, नातवंडे शिकली तेलंगणात. घर त्याच गल्लीत. पाटीवरून पिढी ओळखावी, तर ती अशी.

निर्णय अखेर आईने केला. आम्ही तिच्यासमोर किल्लारी काढली, पुतण्याने वह्या काढल्या. ती शांतपणे ऐकून घेत होती. मग म्हणाली, "आत्याला आणलंत त्या दिवशी तू तिशीचा होतास, चिखलात उतरून गाडी ढकलत होतास. आता माझ्यासाठी पहाटे कोण ढकलणार? जी वेळेवर पोहोचते, ती ठेवा." यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. भरवसा ठेवणारा माणूस म्हातारा झाला, की यंत्राकडून त्याची अपेक्षाही बदलते. तरुणपणी आम्ही गाडीला सांभाळून घेत होतो. आता आम्हांस सांभाळून घेणारी गाडी हवी होती.

२००४ ची गाडी राहिली. नव्या जागेत तीच उभी असते आणि पहाटे साडेपाचला आईला घेऊन निघते.

थोरलीचे काय करावे, हा प्रश्न आम्ही मिस्त्रींनाच विचारला. तीस वर्षे ते आमच्या गाड्या पाहात आले होते. भंगारवाल्याचा भाव ते सांगतील असे वाटले होते. त्यांनी बॉनेट उघडले, कार्ब्युरेटरवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "भंगार में नक्को साब, मेरे कू देव. इस गाडी कू मैं समझतौं. उस दुसरी कू कंप्यूटर समझता."

आम्ही रीतसर कागद करून ती त्यांच्या नावे करून दिली. मोल नाममात्र घेतले. शहरातल्या हरतऱ्हेच्या मोटारी ज्याच्या हाताखालून गेल्या, त्याने स्वतःच्या दारात उभी करण्यासाठी तिला निवडले. दुसऱ्या पिढीच्या भरवशाविषयी याहून मोठे प्रमाणपत्र आम्हांस देता आले नसते.