रात्री हाक कोणाला मारता?

मी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे उपशामक सेवेची डॉक्टर आहे. कर्करोगासारखा गंभीर आजार घरात शिरला की वेदना, धाप, मळमळ, भीती हे सगळं आटोक्यात ठेवून माणसाचे दिवस सुसह्य करणं हे आमचं काम.

या शाखेचा पाया घालणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका झाल्या आणि त्यानंतर डॉक्टर. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अशा रुग्णांचं सेवागृह, सुरू केलं. वेदना नुसती शरीराची नसते, ती मनाची, नात्यांची आणि श्रद्धेचीही असते, हे त्यांनी वैद्यकाला शिकवलं. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे हॉस्पिस उभं राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येत तर रुग्णाबरोबर त्याचं कुटुंबही आहे. त्यामुळे आम्ही कोणाच्या घरी गेलो की खाटेवरच्या माणसाइतकंच त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाकडेही बघतो.

पहिल्या भेटीत आमच्या समाजसेविका जीनोग्राम, म्हणजे घरातल्या नात्यांचा नकाशा, काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, घट्ट नात्याला दुहेरी रेघ. एका निवृत्त शिक्षकांच्या घरी हा कागद भरत होता. परदेशातला थोरला मुलगा, फळं घेऊन येणारा भाऊ, जुने विद्यार्थी अशी नावं ते कौतुकानं सांगत होते. समाजसेविकेनं विचारलं, "सर, रात्री हाक कोणाला मारता?" सर जरा थांबले. दाराशी उभ्या असलेल्या धाकट्या सुनेकडे बघून म्हणाले, "हिलाच." दुहेरी रेघ तिच्या वर्तुळाकडे गेली.

ती काय करत होती? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. कोरडं पडलेलं तोंड ओल्या गॉजनं पुसायचं. मान उंच धरून चमचा चमचा पेज भरवायची. आणि मॉर्फिनच्या वेळा सांभाळायच्या. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून ती घड्याळ लावून द्यावी लागते. रुग्णाला सोसत असेल तर झोपतानाची मात्रा आम्ही दुप्पट लिहितो, म्हणजे मध्यरात्रीची गोळी टळते. ते लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर दोघांची झोप असते.

एवढं करणाऱ्या माणसाला बहुतेक घरांत कोणी काही म्हणत नाही. माया नसते असं मुळीच नाही. घरच्यांचे आभार कसले मानायचे, ते काय परके आहेत, अशी आपली रीत. पण माणूस गेल्यानंतर याच सुना, बायका, मुलं आम्हाला भेटायला येतात आणि एकच विचारतात : "माझं काही कमी तर पडलं नाही ना?" आम्ही "नाही" म्हणतो, मनापासून म्हणतो. तरी आमच्या शब्दाला तेवढं वजन नसतं. ते वजन जाणाऱ्याच्या शब्दालाच असतं.

अमेरिकेतले उपशामक सेवेचे डॉक्टर आयरा बायॉक रुग्णांना चार गोष्टी बोलायला सुचवतात : मला माफ कर, मी तुला माफ केलं, तुझे आभार, माझं तुझ्यावर प्रेम आहे. आपल्या तोंडी ही वाक्यं अशी येत नाहीत. सर सुनेला एवढंच म्हणाले, "पोरी, खूप केलंस माझं." त्या एका वाक्यात चारांतलं बरंच काही आलं. पुढे भेटायला आली तेव्हा तिनं तो नेहमीचा प्रश्न विचारला नाही. सर काय म्हणाले होते, तेच तिनं आम्हाला पुन्हा सांगितलं.

योग्य वेळ आली की बोलू, असं अनेक जण ठरवतात. शेवटच्या दिवसांत मात्र बहुतेक रुग्ण गुंगीत असतात, काहींची वाचा आधीच गेलेली असते. म्हणून ही वेळ आजारपणावर सोपवू नका. रात्री तुम्ही ज्याला हाक मारता, किंवा वेळ आली तर माराल, त्या माणसाला आजच तोंडानं सांगा. आणि तुमच्या नात्यात कोणी आजारी माणसाचं करत असेल, तर दिवाळीत फराळाचा डबा देऊन परत फिरू नका. एक रात्र तिथे राहा, औषधांच्या वेळा समजून घ्या आणि त्या माणसाला झोपू द्या.