इरोडची वाट

वैशाखात दक्षिणेकडे जाऊ नये, असे आमच्या हिंगोलीच्या मोंढ्यात कोणालाही विचारले तरी तो सांगेल. एक तर आपल्याकडेच पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो, आणि दुसरे म्हणजे हाच हळदीचा हंगाम. शेतकऱ्याने शिजवून, वाळवून, घोळून आणलेली हळद मोंढ्यात ओतली जात असताना व्यापाऱ्याने गाव सोडणे शहाणपणाचे नव्हे. तरीही गेल्या वैशाखात सौभाग्यवती, पुतण्या आणि मी असे तिघे मोटारीने तमिळनाडूतील इरोडला निघालो. अंतर सुमारे 1200 किलोमीटर. घरी सांगितले की मुलाने आता दुकान सांभाळले आहे, वाटेत कुलपाकजीचे दर्शन होईल आणि जुन्या मित्राची भेट होईल. सांगितले ते खरे होते. पूर्ण मात्र नव्हते.

हा मित्र मूळचा हिंगोलीचाच. आम्ही एका शाळेत, एका बाकावर बसून शिकलो. पुढे तो मामांच्या आडतीवर इरोडला गेला आणि तिथलाच झाला. हळदीच्या व्यापारात इरोडचे नाव फार मोठे. तिथल्या हळदीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या वसमतच्या हळदीला ते 2024 साली लाभले. आमच्या दोघांत मात्र मानांकनापूर्वीपासूनच देवघेव होती आणि ती केवळ शब्दावर चालत असे. तो फोनवर म्हणे, “पाठव,” आणि मी पाठवीत असे.

नऊ वर्षांपूर्वी मी पाठविलेल्या एका ट्रकमधील अकरा पोती ओलसर निघाली. ती परतीच्या गाडीने हिंगोलीला धाडल्याचे त्याने कळविले. आमच्या गोदामात ती मला दिसली नाहीत. मी पत्र लिहिले. त्या पत्रात रागाचा एकही शब्द नव्हता, पण चाळीस वर्षे ज्याला ‘तू’ म्हटले त्याला मी पहिल्यांदा ‘आपण’ लिहिले. आणि आपल्या गावची मोजमापाची रीत निराळी दिसते, असे एक वाक्य घातले. त्याने अकरा पोत्यांची रक्कम निमूटपणे पाठवून दिली. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही. दरवर्षी संवत्सरीला दोन्हीकडून छापील क्षमापना-पत्र तेवढे जात-येत राहिले.

गेल्या फाल्गुनात मुलगा जुन्या वह्या संगणकावर चढवीत होता. भलत्याच व्यापाऱ्याच्या खात्यात टाचलेली एक पावती त्याने माझ्यापुढे धरली. अकरा पोती, परत, इरोडहून. खाली आमच्याच पेढीचा शिक्का आणि मुनीमजींचे अक्षर. मुनीमजी आता हयात नाहीत, आणि दोष त्यांना देण्यात अर्थही नाही. त्या वेळी एकदा विचारले असते, तर त्यांनी पान उघडून दाखविले असते. मी विचारले नाही, कारण मला खात्री होती.

पावती खिशात ठेवून आम्ही पहाटे चारला घर सोडले. नवकारसी पाळायची म्हणून डबा बंदच होता. मागच्या आसनावर खाकरे, गूळपापडी, मेथीच्या दशम्या आणि उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन कॅन. कळमनुरी, आखाडा बाळापूर, अर्धापूर मागे टाकून नांदेडला गोदावरी ओलांडली तेव्हा नुकते उजाडले होते. पुढे नायगाव तालुक्यात नरसी लागते. आपल्या जिल्ह्यातली नरसी नामदेवांची, ही नुसती तिठ्याची. नाव एकच असल्याने नवखा माणूस हटकून फसतो. बिलोलीपुढे मांजरा ओलांडली की महाराष्ट्र संपतो, आणि बोधनच्या वाटेवर पाट्यांवरचे अक्षर गोल होते.

निजामाबादला आम्ही मुद्दाम थांबलो. जानेवारी 2025 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हळद मंडळाचे मुख्यालय याच शहरात आहे. बाजार समितीच्या आवारात पिवळ्या राशींमधून हिंडताना परके वाटलेच नाही. तेलुगूत हळदीला ‘पसुपु’ म्हणतात, एवढाच काय तो फरक. आपले वाडवडील निजामाच्या राज्यात असताना या साऱ्याच मुलखाला एकच हैदराबाद संस्थान म्हणत. सप्टेंबर 1948 मध्ये ते भारतात विलीन झाले आणि 1956 मध्ये त्याची भाषेप्रमाणे वाटणी झाली. व्यापाराची वाट मात्र जुनीच राहिली. हैदराबादच्या बेगम बाजारात आमच्या आत्येभावाकडे सूर्यास्तापूर्वी पानावर बसलो, तेव्हा ती वाट किती जुनी आहे हे पुन्हा कळले. तिथे आमच्या पणजोबांचे नाव अजून निघते.

दुसऱ्या दिवशी कुलपाकजी. हैदराबादहून वरंगळच्या रस्त्याने सुमारे 80 किलोमीटरवर कोलनुपाक गाव आहे. माणिक्यस्वामी म्हणून पूजिली जाणारी आदिनाथांची श्यामवर्ण मूर्ती आणि हिरव्या रत्नपाषाणात घडविलेली महावीरस्वामींची मूर्ती, या दोन्हींसाठी यात्रेकरू दुरून येतात. बाहेर डोळे उघडवत नव्हते, फरशीवर पाय ठरत नव्हता. गाभाऱ्यात मात्र गारवा होता. मी तिथे बराच वेळ बसून राहिलो. परत फिरताना सौभाग्यवती सहज म्हणाल्या, “दर्शन झालं. आता हैदराबादला आणखी एक दिवस राहू, असं म्हणू नका.” मी खरोखर तेच म्हणणार होतो. उन्हाचे निमित्त सांगत मी वाट लांबवीत होतो, हे त्यांनी ओळखले होते.

तिसऱ्या दिवशी अंधारातच निघालो. राष्ट्रीय महामार्ग 44 हैदराबादहून सरळ दक्षिणेला उतरतो. बीचुपल्लीला कृष्णा, कर्नूलला तुंगभद्रा, पामिडीला पेन्ना. वैशाखातल्या नद्या म्हणजे वाळूचे रुंद पट्टे आणि त्यांत कुठेतरी पाण्याची कड. कर्नूलपासून अनंतपूरपर्यंत झाड शोधावे लागते. दुपारी वाऱ्याच्या झळा काचेवर आदळत होत्या. त्या उन्हाला दोष देण्याचे मात्र मनात येईना. शिजविलेली हळद उघड्यावर पसरून पंधरा दिवस असे ऊन खाते, तेव्हाच ती खणखणीत वाजते. ढगाळ दिवसांत वाळलेला माल आतून ओलसर राहतो आणि पुढे बुरशी धरतो. त्या अकरा पोत्यांचे तेच झाले होते. ऊन कमी पडले होते, आणि माणसांनी ते एकमेकांच्या खाती मांडले.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच. तिथे रात्री चादर लागली. चौथ्या दिवशी होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी मागे टाकून तोप्पूरच्या घाटाने खाली उतरलो, आणि भट्टीचे दार उघडावे तसा वारा आला. या दिवसांना तमिळ लोक ‘अग्नी नक्षत्रम्’ म्हणतात. आपल्या रोहिण्या निघण्याच्या आधीचे तीन-साडेतीन आठवडे. आपल्याकडे ऊन कोरडे, रात्र जरा तरी निवते. इकडे रात्रही उबदार आणि घाम वाळत नाही. वाटेत एका उपाहारगृहात पुतण्याने पाठ केलेले वाक्य म्हटले, “वेंगायम् वेंडाम्, पूंडु वेंडाम्.” कांदा नको, लसूण नको. वाढप्याने हसून केळीच्या पानावर भात, ताक आणि नारळाची चटणी वाढली आणि काय चालेल ते खुणेने विचारीत राहिला. आपला आहार लोकांना जाच वाटेल, ही भीती बहुधा आपल्याच मनात असते.

सेलमपुढे कावेरी ओलांडून इरोडला पोहोचलो तेव्हा चार वाजले होते. थोर गणिती श्रीनिवास रामानुजन यांचा जन्म 1887 साली याच गावात झाला. गणितज्ञाच्या गावी आपण चुकलेला हिशेब घेऊन आलो आहोत, या विचाराने मला हसूही आले आणि घसा कोरडाही पडला.

मित्र दारातच उभा होता. केस पूर्ण पांढरे, हातात काठी. मी वाकून काही बोलणार तोच तो म्हणाला, “इतक्या उन्हात आलास? डोकं फिरलंय का तुझं?” नऊ वर्षांनी ऐकलेले ते ‘तुझं’. वहिनींनी पाणी आणले. मी पावती काढून त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, “चूक माझी होती. पोती आली होती.” त्याने चष्मा लावून पावती वाचली, घडी घातली आणि आतून एक जुनी फाईल आणली. तीत त्या परतीच्या मालाची बिल्टी होती.

“ही तुझ्याकडे होती, तर पाठविली का नाहीस?” मी विचारले.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पाठविली असती तर तू बिल्टीवर विश्वास ठेवला असतास. माझ्यावर नाही. मलाही घमेंड होती रे. कागद टाकून मोकळा झालो असतो, तर नऊ वर्षं वाचली असती.” आत वहिनी सौभाग्यवतींना म्हणत होत्या की दर संवत्सरीला ते कार्ड हातात घेऊन बसायचे, छापलेल्या मजकुराखाली काही लिहिले आहे का, ते पाहायचे.

मी रक्कम परत करू लागलो. त्याने ती घेतली. घेतली हे बरे केले. नको म्हणाला असता तर खाते पुन्हा उघडेच राहिले असते. दिवस मावळण्यापूर्वी आम्ही एकत्र जेवलो. भाजीत त्याच्या वखारीतील हळद होती. ओली हळद अनंतकाय म्हणून आपण वर्ज्य मानतो. तीच वाळली की स्वयंपाकघरात चालते. “आपणही वाळलो आता,” तो म्हणाला, आणि दोघेही मनापासून हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हाला विजयमंगलम्‌ला घेऊन गेला. इरोडहून पेरुंदुराईच्या पुढे हे गाव लागते. तिथे चंद्रप्रभस्वामींचे प्राचीन मंदिर आहे, द्राविडी धाटणीचे, गोपूर असलेले. ‘पेरुंगदै’ या तमिळ काव्याचे जैन कवी कोंगुवेळिर यांचे नाव या गावाशी जोडले जाते. हे काव्य ‘बृहत्कथे’तील उदयन राजाच्या कथेवर आधारलेले, आणि बृहत्कथेचा कर्ता गुणाढ्य हा परंपरेने सातवाहनांच्या दरबारातला, म्हणजे आपल्या पैठणचा. गोदाकाठी सांगितलेली गोष्ट शेकडो वर्षांपूर्वी कावेरीच्या मुलखात पोहोचली होती. तेव्हा ना महामार्ग होता, ना फोन. आमच्यापाशी दोन्ही होते, तरी नऊ वर्षे लागली.

चंद्रप्रभस्वामींपुढे आम्ही शेजारी बसलो. हात जोडून आधी त्याने आणि मग मी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हटले. माझे दुष्कृत मिथ्या होवो, एवढाच त्याचा अर्थ. आयुष्यभर हे शब्द शेकडो कार्डांवर छापून पाठविले. कोणते दुष्कृत, याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला.

परतीच्या वाटेवर ऊन तेवढेच होते. मोटारीत त्याने दिलेली पाच किलो हळद होती आणि तिच्या पिशवीवर त्याच्या अक्षरात भाव लिहिलेला होता. तो म्हणाला होता, “भेट म्हणून नेऊ नकोस. हिशेबात धर. पुन्हा व्यवहार सुरू होऊ दे.” हिंगोलीला पोहोचताच मी नव्या वहीत त्याचे खाते उघडले.

वाचकहो, यंदा संवत्सरी असो वा क्षमावाणी, कार्डे छापण्यापूर्वी आपली एखादी जुनी वही चाळून पाहावी. ज्याला कधी ‘तू’चे ‘आपण’ लिहिले असेल, त्याचे कार्ड टपालात टाकू नये. ते स्वतः घेऊन जावे. ऊन असले तरी.