मिश्रीची डबी आणि विजेचा ब्रश

प्रातःकाळी उठून मुखमार्जन केल्यावाचून देवापुढे उभे राहू नये, हा संस्कार आपल्या घरांत इतका खोल रुजला आहे की, त्यामागे काही विचार असावा हेच आपण विसरून गेलो आहोत. धर्मशास्त्रकारांनी स्नानसंध्येच्या आधी दंतधावनाला स्थान दिले. कोणत्या तिथीस काष्ठ वर्ज्य ते सांगितले, आणि त्या दिवशी पाण्याच्या बारा चुळांनी मुखशुद्धी होते, अशी सोयही करून ठेवली. सुश्रुताने तर काडीचे मापच दिले आहे : बारा अंगुळे लांब, करंगळीएवढी जाड, सरळ आणि गाठ नसलेली. चरकाने सांगितले की, काडीचे टोक चावून त्याचा कुंचला करावा, दिवसातून दोन वेळा दात घासावेत, आणि तसे करताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. 'दोन वेळा' आणि 'हळुवार', हे दोन शब्द वाचकांनी ध्यानी ठेवावेत. आजचे दंतवैद्य याहून निराळे काही सांगत नाहीत.

परंतु आम्ही ज्या मुलखात राहतो, त्या बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात या शुद्ध आचारात एक वेगळाच पदार्थ शिरला. तंबाखू ही पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेली परदेशी वनस्पती. अकबराचा दूत असदबेग याला ती विजापुरात आढळली, आणि १६०४ च्या सुमारास त्याने ती बादशहाला नजर केली, हे इतिहासप्रसिद्ध आहे. पुढे निपाणीच्या काळ्या रानात विडीची तंबाखू अशी काही फोफावली की, गावाचे नाव आणि पिकाचे नाव एकजीव झाले. त्या पिकाच्या भावासाठी १९८१ साली येथील शेतकऱ्यांनी केलेले आंदोलन साऱ्या देशाने पाहिले. तंबाखूने या मुलखाला भाकरी दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण तीच तंबाखू तव्यावर काळी होईतो भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून डबीत भरली की तिची मिश्री होते. आणि ती तर्जनीने हिरड्यांवर चोळली की त्याला आमच्याकडे 'दात घासणे' म्हणतात! विष आणि शौच यांचा असा संकर दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

आमच्या घरी ही डबी काकींच्या उशाशी असे. काका निपाणीत एका वखारीत दिवाणजी होते. काकी नवी नवरी म्हणून तेथे गेल्या, तेव्हा एकदा दाढ ठणकू लागली असता शेजारणीने चिमूटभर मिश्री दिली. दाढ थांबली, पण चिमूट थांबली नाही. पुढे सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, निजण्यापूर्वी एकदा, असा क्रम पन्नास वर्षे चालला. सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत काकी अत्यंत काटेकोर. मिश्री लावल्यावर खळखळून चुळा भरल्याखेरीज त्या देवघराच्या उंबऱ्याला पाय लावीत नसत. तोंड शुद्ध झाले अशी त्यांची निष्ठापूर्वक समजूत होती, आणि ती समजूत मोडणे आम्हां कोणालाच साधत नव्हते.

गेल्या वर्षी त्यांच्या गालाच्या आतल्या बाजूस एक पांढरा चट्टा दिसला. तो दुखत नव्हता, म्हणून काकींना त्याचे काही वाटत नव्हते. आम्हांला मात्र त्याचे न दुखणेच भयावह वाटले. बेळगावात दाताच्या विद्येची वाण नाही. के.एल.ई. संस्थेचे दंत महाविद्यालय येथे १९८५ पासून आहे, मराठा मंडळाचेही आहे, आणि खाजगी दवाखाने तर गल्लोगल्ली आहेत. एका दंतवैद्यांनी चट्ट्याचा कण तपासणीस पाठविला. कर्करोग नव्हता, पण असे चट्टे काही काळाने त्या वाटेला लागू शकतात, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांची आज्ञा दोन वाक्यांची होती : मिश्री आजपासून बंद, आणि दात खरोखरचे घासा.

यातील दुसरे वाक्यही वाटते तितके सोपे नव्हते. काकींची बोटे संधिवाताने आखडलेली. साध्या ब्रशची बारीक दांडी त्यांच्या मुठीत ठरेना. तेव्हा वैद्यांनी विजेचा ब्रश सुचविला. आम्हांला प्रथम ती श्रीमंतांची चैन वाटली. परंतु या यंत्राचा पूर्वेतिहास पाहता आमचे मत बदलले. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फिलिप-गी वूग यांनी 'ब्रॉक्सोडेंट' नावाचा विजेचा ब्रश तयार केला, तो मुख्यतः ज्यांचा हात नीट चालत नाही आणि ज्यांच्या दातांना तारा बसविल्या आहेत, अशांसाठी. म्हणजे हे यंत्र जन्मतःच काकींसारख्यांचे होते. त्याची दांडी जाड असते, आणि घासण्याचे श्रम मनगटाऐवजी यंत्र करते.

खडेबाजारात निवड करताना आम्हांला जे समजले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे. या ब्रशांच्या मुख्य जाती दोन. एकीचे डोके लहान व गोल असून ते मागेपुढे अर्धवट फिरते. दुसरीचे डोके नेहमीच्या ब्रशासारखे लांबट असून अतिवेगाने कंप पावते. दोन्ही चालतात. केस मऊच असावेत. हात जोराने दाबला तर इशारा देणारी योजना असल्यास ती अवश्य घ्यावी. चरकाच्या 'हिरड्यांना इजा होऊ देऊ नये' या वचनाचा तो यांत्रिक अवतारच समजावा! दोन मिनिटे मोजणारे आणि दर अर्ध्या मिनिटाला खूण करणारे घड्याळ आत असावे. म्हणजे वरचे उजवे, वरचे डावे, खालचे उजवे, खालचे डावे, असे तोंडाचे चार भाग सारख्या न्यायाने स्वच्छ होतात. आणि सर्वांत व्यवहाराची गोष्ट : त्याची सुटी डोकी आपल्या गावात मिळतात काय, व कोणत्या भावाने, हे आधी विचारावे. डोके दर तीन महिन्यांनी बदलावे लागते. ते न मिळाले तर यंत्र कपाटाची शोभा होऊन बसते.

वापरण्याची रीतही निराळी आहे. ब्रश तोंडात घेतल्यावरच कळ दाबावी, नाहीतर टूथपेस्टचे शिंतोडे समोरच्या आरशावर उडतात. हात घासल्यासारखा चालवू नये. दात आणि हिरडी जेथे मिळतात तेथे ब्रश किंचित तिरपा टेकवावा आणि एकेका दातावरून सावकाश पुढे न्यावा. टूथपेस्ट फ्लोराइडयुक्त असावी, आणि शेवटी फेस थुंकून टाकावा. लगेच पाण्याने पुष्कळ चुळा भरल्या तर ते फ्लोराइड वाहून जाते. काकींनी पहिल्या दिवशी "हा भुंगा तोंडात कशाला सोडायचा?" असे विचारून सारे घर हसविले, पंधरवड्यात मात्र त्यांना त्या भुंग्याची सवय झाली.

हे यंत्र खरोखर अधिक चांगले काय, असे कोणी विचारील. २०१४ साली कोक्रेन या संस्थेने अनेक देशांतील छप्पन्न चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. साध्या ब्रशाच्या तुलनेने विजेच्या ब्रशाने, तीन महिन्यांहून अधिक वापरानंतर, दातांवरचा किटण सुमारे २१ टक्के आणि हिरड्यांची सूज सुमारे ११ टक्के कमी आढळली. लाभ आहे, पण चमत्कार नाही. ज्याचा हात धड आहे, ज्याला दोन मिनिटांचा धीर आहे, त्याने मऊ साध्या ब्रशाने निष्ठेने दात घासले तर त्याचे काही अडणार नाही. पैसे खर्चून यंत्र आणायचे आणि अर्ध्या मिनिटात उरकायचे, याला काय म्हणावे?

खरा झगडा ब्रशाचा नव्हताच. तो डबीचा होता. मिश्री सोडताच काकींचे डोके दुखू लागले, पोट साफ होईना, आणि चाळीस वर्षांत न ऐकलेले कठोर शब्द आम्ही त्यांच्या तोंडून ऐकले. तंबाखूतील निकोटिनचा पाश असाच असतो. वैद्यांच्या सल्ल्याने वेळा एकेक करून तोडल्या. त्या जागी कधी बडीशेप, कधी लवंग, आणि सकाळी तो गुणगुणणारा ब्रश. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी भारत सरकारची १८०० ११ २३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे. आज नऊ महिने डबी रिकामी आहे. चट्टा फिकट झाला आहे, गेला नाही. दर तीन महिन्यांनी तो दाखवावा लागतो, आणि दर खेपेस आमचा जीव टांगणीला लागतो.

शासनाने १९९२ साली टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यास बंदी केली. पण घरच्या चुलीवरच्या तव्याला कोणता कायदा शिवणार? २००४ साली मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू, म्हणजे बहुतांशी मिश्रीच, वापरणाऱ्या मातांच्या बालकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. ज्या बोटाने आई बाळाला पहिली घुटी चाटवायची, त्याच बोटाचा हा प्रताप आहे.

म्हणून आमची एक नम्र सूचना आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपल्या मंदिरांतून दरवर्षी वाण लुटले जाते. वाट्या, डबे, गाळण्या यांनी घरोघरची मांडणी भरली आहे. यंदा प्रत्येक सवाष्णीच्या हाती एक मऊ ब्रश आणि फ्लोराइडची टूथपेस्ट द्यावी; घरात कोणाची बोटे आखडली असतील तर चारजणींनी मिळून विजेचाही घ्यावा. तिळगूळ देताना गोड बोला असे आपण म्हणतोच; ज्या मुखाने ते बोलायचे ते निरोगी राहावे, एवढी चिंता त्या वाणात असली तर ते वाण देवीलाही पावेल.